भट्टीवरचा माणूस आणि केबिनमधली बाई

प्रिय दस्तगीरचाचा,

तुम्ही गेलात त्याला आता वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहावं असं मनात आलं नव्हतं. परवा सोमवारी मात्र मालकांनी असं काही सांगितलं की तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेच आहे. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं.

चाचा, मॅनेजरची खुर्ची आधी तुम्हाला देऊ केली होती? आणि तुम्ही ती नको म्हणालात? मी येण्याच्या आधी?

तेरा वर्षं! तेरा वर्षं मला वाटत होतं की मी तुमच्या हक्काच्या जागेवर येऊन बसले. तीस वर्षं ज्यानं फौंड्री खांद्यावर वागवली, त्याला बाजूला सारून मालकांनी एमबीएवाली पोरगी आणली, असं अख्खा कारखाना म्हणायचा. मीही तेच धरून चालले होते. एका शब्दानं तुम्ही सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

बाकीचं पुढं सांगते. आधी मला जरा आठवू द्या.

पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? मी गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं कोल्हापूरला आले होते. कॉटनची नवी कोरी साडी, हातात फाइल. वय सत्तावीस. लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात आणि त्यातून पंपाचे भाग निघतात, एवढंच फौंड्रीबद्दल ठाऊक होतं, तेही आदल्या आठवड्यात वाचलेलं. मालकांनी ओळख करून दिली, "हे दस्तगीर शिकलगार, आपले फोरमन." तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "मॅडम, चपला बदलून येताय न्हवं? ठिणगी उडाली तर साडी जळंल, पर पाय जळला तर आमास्नी दवाखान्यात न्यावं लागंल."

सगळे हसले. मीही हसले, पण आतून चरफडले. म्हटलं, झालं, हा माणूस आता मला टिकू देणार नाही.

आणि तुम्ही काही सोपं केलं नाहीत हं! मी उत्पादनाचा तक्ता मागितला की म्हणायचात, "तक्ता भट्टीवर हाय, या की बघायला." मी बैठक बोलावली की बरोबर त्याच वेळी तुमच्या भट्टीतलं लोखंड तयार व्हायचं. हे लोखंड नेमकं अकरा वाजताच कसं तयार होतं, हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. मुद्दाम करत होता ना? आता तरी कबूल करा!

मग तो पावसाळा आला. माझा पहिलाच.

पंपाच्या कवचांची मोठी ऑर्डर होती. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी फोनवर तारीख देऊन बसले होते, तुम्हाला न विचारता. कॉलेजात शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला दिलेला शब्द पाळायचा. पण शब्द देण्याआधी तो कुणाला विचारून द्यायचा, हे कुणी शिकवलं नव्हतं. आठवडाभर झड लागली होती. सकाळी तुम्ही केबिनच्या दारात येऊन उभे राहिलात.

"आज ओतायचं न्हाय. वाळू ओली हाय."

"किती ओली?"

"लई."

"चाचा, लई म्हणजे किती? आकडा सांगा."

तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी तुम्हाला तुमच्या आईचं वजन विचारलं! म्हणालात, "आकडा मला न्हाय ठावं. मूठ वळली की कळतंय."

मला वाटलं, आणखी एक अडवणूक. मी म्हटलं, "आज ओतायचंच. तारीख आहे."

"लिहून द्या."

आणि मी दिलं, चाचा. रागानं, कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्का मारून.

तुम्ही ओतलंत. वरून पाहिलं तर कवचं काय देखणी दिसत होती! मी तर मनात जिंकलेच होते. आठवड्यानं पुण्याहून फोन आला. मशीनवर घालून वरचा थर कातला की आत भोकंच भोकं. ओल्या वाळूची वाफ लोखंडात अडकली होती. निम्म्याहून अधिक माल परत आला. मागल्या दारानं ट्रक आत आला तेव्हा सगळे कामगार काम थांबवून बघत होते.

आता तुम्ही तो कागद मालकांपुढं टाकणार, अशी माझी खात्री होती. तुम्ही तसं केलं नाहीत. पण मोठेपणानं पोटातही घातलं नाहीत! माझ्या टेबलावर कागद ठेवलात आणि सगळ्यांदेखत ओरडलात, "ह्यो तुमचा कागूद. माज्या तीस वर्सांत एका दिवसात एवढं लोखंड वाया गेलं न्हवतं. वाळू वाचता येत न्हाय आणि हुकूम सोडताय!"

मी पॅटर्नच्या, म्हणजे साच्यांच्या लाकडी नमुन्यांच्या खोलीत जाऊन रडले. लाकडाचा भुसा नाकात जात होता, तरी रडत होते. थोड्या वेळानं तुम्ही दारात आलात. मला वाटलं, समजूत काढाल. तुम्ही म्हणालात, "रडून झालं की या. वाळू शिकवतो."

एवढंच! ना बाई, ना पोरी, ना वाईट वाटून घेऊ नका.

मग दीड महिना रोज सकाळी दोन तास मी तुमच्या हाताखाली होते. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ मधोमध मोडायचं. कड ढासळली तर कोरडी, तळव्याला चिकटली तर ओली, स्वच्छ मोडली तर बरोबर. माझी नखं काळी झाली. आई म्हणायची, "एवढं शिकून हे काम?" मला मात्र तेव्हा पहिल्यांदाच वाटत होतं की मी या कारखान्यात खरोखर नोकरीला लागले.

वाळूतली ओल मोजायचं छोटं यंत्रही मी तेव्हाच मागवलं. तुम्ही मुठीनं सांगायचात, मी यंत्रानं बघायची. जवळजवळ दरवेळी जुळायचं. न जुळलं की तुम्ही म्हणायचात, "यंत्र बिघडलंय." एकदा ते खरंच बिघडलेलं निघालं. त्या दिवशी तुम्ही अख्ख्या कारखान्याला भजी खायला घातलीत!

आता माझ्या चुकीचं लिहायला हवं. ही चूक वाळूपेक्षा मोठी होती, आणि त्यात मी बरोबर होते. म्हणूनच ती जास्त लागते.

सहा-सात वर्षांनंतरची गोष्ट. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या मालाला, वाळू भाजून चिकटायला लागली होती, दगडासारखी, घासूनही निघेना. लोखंड प्रमाणाबाहेर तापलं की असं होतं. तुम्ही वाळूला दोष दिलात, भट्टीत वितळवायच्या भंगाराला दिलात, वाळू पुरवणाऱ्याला तर दारातूनच हाकललंत. मी माझ्या पद्धतीनं बसले. तीन महिन्यांची सगळी पत्रकं काढली, कुठला माल कुठल्या पाळीत, कुणी ओतला. खराब माल तुमच्याच पाळीतला होता.

मला कोडं पडलं. मग लक्षात आलं. तापमापक तुम्हाला कधीच लागायचा नाही, लोखंडाचा रंग बघून तुम्ही सांगायचात. आणि हल्ली तो रंग तुम्हाला फिका दिसत होता. म्हणून म्हणायचात, "अजून तापू द्या." तुमचे डोळे गेले होते, चाचा. मोतीबिंदू. आणि तुम्ही ते लपवत होतात.

हे मी तुम्हाला एकट्याला, चहा पिताना सांगायला हवं होतं की नाही? मी काय केलं? शनिवारच्या बैठकीत, सगळ्या सुपरवायझरांसमोर, पडद्यावर रंगीत आलेख लावला. तुमची पाळी लाल रंगात. मला माझ्या हुशारीचं केवढं कौतुक वाटत होतं! आणि वर मी म्हणाले, "कंपनी माणसांच्या अंदाजावर चालत नाही, पद्धतीवर चालते."

तुम्ही उठलात. खुर्ची नीट आत सारलीत आणि विचारलंत, "म्हंजे माजी गरज संपवायला निघालाय व्हय?" आणि गेलात.

सोमवारी आला नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी मी मंगळवार पेठेत तुमच्या घरी आले. दार चाचींनी उघडलं. तुम्ही खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होतात, आजारी असल्यासारखे. मी म्हटलं, "चाचा, माझं चुकलं." मी पुन्हा म्हटलं, "आलेख खरा होता. पण लावायला नको होता. निदान तिथं नको होता."

तुम्ही भिंतीलाच म्हणालात, "डोळं चांगलं हायत माजं."

तेव्हा चाची चहा घेऊन आल्या. बशी टेकवत म्हणाल्या, "चांगलं? बेटी, परवा ह्यांनी साखर म्हणून चहात मीठ घातलं आणि मलाच म्हणत्यात, चहा नासवलास! दोन महिनं मी ऑपरेशन करा म्हणून पाया पडतीय. भट्टीवाल्याला डोळं दाखवायची लाज वाटती म्हणं!"

तुम्ही वळलात, चाचींवर डोळे वटारलेत आणि मग तुम्हालाच हसू आलं. तिघंही हसलो. हसता हसता तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुम्ही हळूच म्हणालात, "मॅडम, माज्याजवळ डिग्री न्हाय. जे हाय ते ह्या डोळ्यांत आणि हातांत. ते गेलं म्हंजे मी कोण?"

मी एवढंच म्हटलं, "ते कागदावर उतरवूया का? तुमच्या नावानं?"

ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी लावून तुम्ही घरी बसला होतात तेव्हा मी रोज संध्याकाळी यायची, तुम्ही सांगायचात, मी लिहायची. कुठल्या भंगारात काय मिसळायचं, पावसात काय पाळायचं, कुठल्या साच्यात लोखंड ओतायचं तोंड कुठं ठेवायचं. मध्येच म्हणायचात, "हे लिहू नका, हे मलाच ठावं असू द्या," आणि पाच मिनिटांनी तेही सांगून टाकायचात. दोनशे पानी वही भरली. आज साचे भरणारा प्रत्येक नवा मोल्डर आधी ती वाचतो. मराठीत, आणि बाहेरून आलेल्या पोरांसाठी हिंदीत. वर तुमचं नाव आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

आणि पट्टी सुटल्यावर भट्टीसमोर उभं राहून तुम्ही काय म्हणालात आठवतंय? "आयला! एवढं पांढरं असतंय व्हय ह्ये!"

पुण्याला गेलो होतो तेही लिहिलंच पाहिजे. नव्या कवचाला कोपऱ्यात तडे जात होते आणि तिथले लोक सगळा दोष आपल्यावर ढकलत होते. तुम्ही म्हणत होतात, त्यांचं ड्रॉइंगच चुकीचं आहे. पण त्यांच्या बैठकीत फोरमनला कोण बोलावतं? दोन महिने फोन, पत्रं, मिनतवाऱ्या करून मी ती वेळ मिळवली. वातानुकूलित खोलीत तुम्ही स्वेटर घालून बसलात. माझं बोलणं झालं आणि तुम्हाला पुढं केलं. तुम्ही पेन्सिल घेतलीत, त्यांच्या ड्रॉइंगवर सरळ कोपरा खोडून गोल केलात आणि म्हणालात, "एवढा टोकदार ठेवलासा तर लोखंड थंड होताना तिथंच फाटनार. आमी कितीबी चांगलं ओतलं तरी."

त्यांच्या मुख्य इंजिनिअरनं कागद स्वतःकडं ओढून घेतला. मग म्हणाला, "बरोबर आहे."

परतीच्या वाटेवर मला केवढं बोलायचं होतं! तुम्ही साताऱ्याआधीच घोरायला लागलात, ते थेट कोल्हापूर आल्यावर जागे झालात.

आता सोमवारचं सांगते.

आपला दुसरा प्लांट उभा राहतोय. मी आता दोन्हीकडं बघणार, म्हणून इथं नवा मॅनेजर हवा. शेवटी दोघं उरले होते. एक एमबीए, पुण्यात नोकरी केलेला, बोलायला चटपटीत. दुसरा अभिजित, इचलकरंजीचा, धातूशास्त्राचा इंजिनिअर, बोलताना टेबलाकडं बघणारा. आणि गंमत अशी की मालक स्वतः इंजिनिअर, पण ते एमबीएच्या बाजूनं! मी एमबीए, आणि मी इंजिनिअरच्या!

मालक म्हणाले, "गिऱ्हाइकासमोर उभा राहील असा माणूस पाहिजे. इंजिनिअरला मशीन कळतं, माणूस कळत नाही. मलाच कळत नव्हता."

मी म्हटलं, "बोलायला शिकवता येतं."

"मग वाळूपण शिकवता येते. तुला नाही शिकवली?"

पण मी हटले नाही. मी म्हटलं, "साहेब, त्या एमबीए पोराला सगळं माहीत आहे. भट्टी विचारली, माहीत. कामगार विचारले, माहीत. अभिजितला विचारलं, कामगार ऐकत नसतील तर काय करशील? तो म्हणाला, मला माहीत नाही, माणसं सांभाळायची मला सवय नाही, शिकावं लागेल."

मालकांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हसायला लागले. म्हणाले, "दस्तगीर हेच म्हणाला होता." आणि मग सगळं सांगितलं.

की तुम्हाला त्यांनी मॅनेजर व्हा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "मला माणसाला 'न्हाय' म्हनता येतंय, पर त्याच्याकडनं 'हो' काढून घेता येत न्हाय. आणि मी खुर्चीत बसलो तर भट्टीवर कोन?" की माझ्या मुलाखतीच्या वेळी तुम्ही शेजारच्या खोलीत, उघड्या दाराआड बसला होतात. की माझ्याहून चांगले मार्क असलेले दोघं होते. आणि तुम्ही मालकांना म्हणालात, "ती गडहिंग्लजची पोरगी घ्या. तिनं तीनदा 'मला माहीत नाही' म्हटलं. तिला शिकवता यील."

चाचा, त्या मुलाखतीनंतर एसटीत बसून मी त्याच तीन उत्तरांसाठी कपाळ बडवून घेतलं होतं!

आणि तुम्ही मला निवडून, वर चपलांवरून बोललात! तक्ते लपवलेत! अकरा वाजता लोखंड तयार केलंत! मी खुर्ची बळकावली असं वाटून कितीदा तुमच्यासमोर मान खाली घातली, तेव्हा तुम्ही मनात हसत होतात का? की सांगितलं असतं तर मी शिकणं सोडलं असतं, अशी भीती होती? मला राग येतोय, आणि हसूही येतंय. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी शांत झोपले. खूप वर्षांत अशी झोप लागली नव्हती.

डिग्रीचा वाद काही मिटला नाही. मालक अजूनही म्हणतात की मी चूक करतेय, आणि कदाचित करतही असेन. अभिजितला गिऱ्हाइकाशी बोलताना घाम फुटेल. मग मी शेजारी बसेन. तो एमबीए पोरगाही वाईट नव्हता, कुठंतरी चांगलं काम करेल. पण इथं आता अभिजित येतोय. मालकांनी शेवटी सही केली, कुरकुरत का होईना.

रविवारी चाचींकडं जाणार आहे. त्यांना हे सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं का, ते विचारणार आहे. असणारच! तुम्ही दोघंही पक्के.

एक वचन देते, चाचा, आणि यात मी तुमच्या उलट वागणार आहे. अभिजित ज्या दिवशी रुजू होईल त्या दिवशी त्याला समोर बसवून सांगेन, की तुझ्या बाजूनं कोण होतं, विरोधात कोण होतं आणि तुला का घेतलं. त्याला तेरा वर्षं अंदाज बांधत ठेवणार नाही. आणि भट्टीवरच्या प्रत्येकालाही तेच, त्याच दिवशी सांगेन, म्हणजे कुणी कुणाची जागा घेतली अशी कुजबुज नको. शिकवायला कडक राहीन, तुमच्याइतकीच. पण सांगून.

तुम्हीच निवडलेली,
वैशाली